एमी-रोरीचं लग्न आणि कार्डावरची जोडी

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात शंभर कार्डांचा डेक (खेळाडूचा कार्डसंच), चाळीस लाइफ (जीवनगुण) आणि एक कमांडर, म्हणजे डेकचं म्होरकं कार्ड, असतो, हे खेळणाऱ्याला सांगायला नको. 2023 साली ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेवरचे डेक आले आणि त्यांच्यासोबत एक घोळ आला, तो अजून मिटत नाही. मालिकेत एमी पॉन्ड आणि रोरी विल्यम्स नवरा-बायको आहेत, एमी मालिकेच्या नायकाची, ‘डॉक्टर’ची, सहप्रवासीही आहे. मग डॉक्टर, एमी आणि रोरी असे तीन कमांडर घेता येतील, असं लोक धरून चालतात. घेता येत नाहीत.

एमीच्या कार्डावर ‘पार्टनर विथ रोरी विल्यम्स’ आणि ‘डॉक्टर्स कम्पॅनियन’ अशा दोन ओळी आहेत; अशा ओळीमुळे एकाऐवजी दोन कमांडर घेता येतात. दोन्ही खेळाच्या नियमावलीतल्या नियम 702.124 खालीच येतात आणि हा नियम अगदी स्पष्ट आहे: यांतली कुठली तरी एकच वापरायची, आणि कमांडर दोनाच्या वर कधीच जाणार नाहीत. नुसता ‘पार्टनर’ (नाव न सांगता जोडी लावणारी ओळ) 2016 चा, ‘पार्टनर विथ’ 2018 च्या बॅटलबॉन्ड संचातला. या दोघांचीही एकमेकांशी सरमिसळ चालत नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

खरी गल्लत मात्र वेगळीच आहे. या दोन ओळी पात्रांचं नातं सांगतात असं लोकांना वाटतं. एक म्हणजे लग्न, दुसरी म्हणजे मैत्री. नियमांना लग्न कळतच नाही. ‘पार्टनर विथ’ फक्त नाव वाचतं: समोरच्या कार्डाचं नाव ‘रोरी विल्यम्स’ आहे का? ‘डॉक्टर्स कम्पॅनियन’ नाव वाचतच नाही, ते कार्डाचा प्रकार सांगणारी ओळ वाचतं: समोरचं कार्ड लेजेंडरी (नामवंत पात्राचं) ‘टाइम लॉर्ड डॉक्टर’ आहे का (टाइम लॉर्ड ही मालिकेतली डॉक्टरची जमात), आणि त्याला तिसरा कुठलाही क्रीचर (प्राणी किंवा पात्राचा) प्रकार नाही ना? ही शेवटची अट फार कामाची आहे. मॉरोफॉनसारखं चेंजलिंग कार्ड सगळ्या प्रकारांचं असतं, म्हणून डॉक्टरही असतं, पण या अटीमुळे त्याला डॉक्टरची जागा घेता येत नाही.

हे पटायला रिव्हर साँगचं कार्ड बघा. मालिकेत ती डॉक्टरची बायको आणि एमी-रोरीची मुलगी. पण तिच्या कार्डावर ‘डॉक्टर्स कम्पॅनियन’ नाही. ती टाइम लॉर्ड आहे, डॉक्टर नाही. म्हणजे एकाही डॉक्टरसोबत तिची जोडी लागत नाही. उलट रोझ टायलर चौथ्या डॉक्टरला मालिकेत भेटलेलीसुद्धा नाही, तरी त्याच्यासोबत ती कमांडर म्हणून बिनदिक्कत बसते. “पण रिव्हर त्याची बायको आहे!” हा युक्तिवाद टेबलावर ऐकून ऐकून कान किटले. बायको असेल, पण कार्डावर तसं कुठे छापलंय?

आणि प्रेम शोधायचंच असेल तर ते रोरीच्या बाकीच्या मजकुरात आहे, तिकडे कोणी बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मालिकेत तो रोमन सेंच्युरियन होऊन पेटीतल्या एमीची जवळजवळ दोन हजार वर्षं राखण करतो. कार्डावर रोरी हातातून किंवा कमांड झोनमधून (कमांडर ठेवायच्या जागेतून) टाकला की थेट येत नाही, तीन टाइम काउंटर (वेळ मोजणाऱ्या खुणा) घेऊन एक्झाइलमध्ये (खेळाबाहेरच्या जागेत) सस्पेंड होऊन, म्हणजे ते काउंटर संपेपर्यंत, थांबतो. आणि एमीने एखाद्या खेळाडूला लढाईत जेवढं डॅमेज दिलं, तेवढे टाइम काउंटर तुमच्या एका सस्पेंड झालेल्या कार्डावरून उतरतात. तो वाट बघतो, ती ती वाट कमी करते. यापेक्षा चांगली रचना या डेकांत मला दिसली नाही.

तिघं एकत्र हवेच असतील तर सरळ मार्ग आहे. डॉक्टर आणि एमी कमांडर करा, रोरी उरलेल्या अठ्ठ्याण्णव कार्डांत ठेवा. अट रंगांची, कारण डेकातल्या कार्डांचे रंग कमांडरांच्या रंगांत बसायला हवेत: रोरी पांढरा-निळा, एमी लाल, म्हणून पांढरा आणि निळा हे दोन्ही रंग डॉक्टरकडून यायला हवेत. इथे ‘पार्टनर विथ’चा विसरला जाणारा दुसरा अर्धा भाग कामी येतो. एमी बॅटलफील्डवर (मैदानात) आली की तुम्ही निवडलेला खेळाडू आपल्या लायब्ररीतून (न काढलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून) रोरी शोधून हातात घेऊ शकतो. कमांडरची जोडी म्हणून तुम्ही ‘डॉक्टर्स कम्पॅनियन’ वापरलेलं असलं तरी हा भाग चालूच राहतो. एमी-रोरी दोघंही कमांडर असतील तर मात्र तो वाया जातो, कारण रोरी लायब्ररीत नसतोच. मी म्हणूनच डॉक्टर-एमी हीच जोडी लावतो.

फक्त समोरच्याकडे रिव्हर साँग उतरलेली असेल तर थांबून विचार करा. तिच्या मालकाच्या प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या लायब्ररीत शोध घेतला की तिच्यावर ताकद वाढवणारा एक काउंटर चढतो आणि तिच्या पॉवरइतकं (ताकदीइतकं) डॅमेज शोधणाऱ्याला बसतं. रोरीला शोधणं ऐच्छिक आहे. लाइफ कमी उरली असेल तर त्या खेपेला शोधू नका.