आकड्यांमागची बंदी : भारतातल्या जुन्या शिकारी रायफली

लंडनचे बंदूककार जॉन रिग्बी यांची .४५० नायट्रो एक्सप्रेस (आकडा नळीच्या व्यासाचा, इंचांत) १८९८ मध्ये आली आणि हत्ती-गव्यासाठी वापरायच्या दुनळी रायफलीचा प्रश्न जवळपास मिटला. काडतुसाची पितळी पुंगळी सव्वातीन इंचांची, आत ७० ग्रेन कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू, पुढे ४८० ग्रेनची गोळी (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). त्याआधी याच कामासाठी काळ्या दारूची, सातेक किलोंची, रुंद नळीची आठ बोअर बंदूक वागवावी लागे. मग १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली.

कारण शिकारीचे नव्हतेच. मार्टिनी-हेन्री ही लष्कराची जुनी .५७७/.४५० रायफल बंडखोरांच्या हाती बरीच होती. शिकारी काडतूस तिच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या खोबणीत, बसत नसे. धास्ती होती ती गोळी उपसून मार्टिनीच्या पुंगळीत भरली जाण्याची. हे कितपत झाले असते कोण जाणे, पण लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूककारांची भारतातली विक्री अडली. प्रत्येकाने .४५० च्या किंचित पलीकडचा आकडा शोधला. हॉलंड अँड हॉलंडची .५००/.४६५, वेस्टली रिचर्ड्सची .४७६, शिवाय .४७५ आणि .४७५ नंबर २. जोसेफ लँगची .४७० टिकली, कारण ती इतर बंदूककारांनाही खुली होती.

या घाईचा त्रास आजच्या संग्राहकाला होतो. .४७५ नंबर २ ची गोळी साधारण .४८३ इंच व्यासाची. जेफ्री या बंदूककाराच्या त्याच नावाच्या रायफलीला मात्र .४८८ ची लागते. नळी न मोजता नावावर विसंबले की लहान गोळी आट्यांना (नळीतल्या पिळदार खाचांना) नीट धरत नाही आणि नेम विखुरतो. उलट चूक झाली तर दाब वाढतो. म्हणून नळीच्या बुडाशी कोरलेले प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के आधी वाचावेत. ‘कॉर्डाइट ७५-५०० मॅक्स’ म्हणजे ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी ही कमाल मर्यादा; .४७० वर हाच शिक्का सापडतो.

.४५०/.४०० बंदीतून सुटली, कारण तिच्या नावातला .४५० हा मूळ पुंगळीचा. मान आवळून ती .४०० बोअरच्या गोळीसाठी केलेली. तिच्या सव्वातीन इंची पुंगळीच्या बुडाची कडा पातळ. उन्हात कॉर्डाइटचा दाब चढला की पुंगळी चेंबरला चिकटे आणि ती बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर कडेवरून घसरे. जेफ्रीने तीन इंची पुंगळीला जाड कडा दिली ती यासाठीच.

एकनळी, खिटी ओढून भरायच्या बोल्ट रायफलींतही तेच. .३०३ लष्करी काडतूस म्हणून नागरिकांना वर्ज्य. मग बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) या कंपनीने ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घाटाचीच रायफल ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ८×५०आर मॅनलिकर काडतुसासाठी बनवली. तीच .३१५. आठ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच, पण हे माप आट्यांच्या उंचवट्यांमधले, गोळी.३२३ ची. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्याने ती सुरू ठेवली. तिच्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ दिसते, म्हणजे पुण्याजवळची खडकी. ऑस्ट्रियाचे नंतरचे ८×५६आर नावाने जवळचे वाटले, तरी त्याची पुंगळी लांब आणि गोळी .३२९ ची; .३१५ मध्ये ते चालत नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोठी शिकार संपली, तशा दुनळ्या कपाटात गेल्या. उत्तर भारतात .३१५ मात्र अजून सुरक्षारक्षकांच्या खांद्यावर दिसते.