'प्रेमळ माता, वत्सल आजी' : एका साच्याची पार्श्वभूमी

नव्वदी ओलांडलेली आई जाते तेव्हा तिच्यावर चार ओळी लिहायला बसणाऱ्याच्या हाताशी शब्द तयारच असतात. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, कुटुंबवत्सल. मग मुलं, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं 'असा परिवार'. नव्वद वर्षांचा ऐवज एवढ्यात मावतो आणि वाचणाऱ्यालाही काही राहून गेलंय असं वाटत नाही. हा साचा नुसत्या आळसातून आलेला नाही. तो फार जुना आहे आणि कधीकाळी त्याचं उघड समर्थनही झालेलं आहे.

इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला रोममधला एक थडग्यावरचा मजकूर वाटसरूला थांबवून सांगतो, की या बाईने नवऱ्यावर जीव लावला, तिला दोन मुलगे झाले, त्यातला एक जमिनीवर आहे, एक जमिनीखाली. घर सांभाळलं, लोकरीचं काम केलं. सांगून झालं, आता जा. पुढे त्याच शहरात एका मुलाने आईसाठी लांबलचक शिलालेख कोरवला. त्यात तो म्हणतो, सगळ्या चांगल्या बायकांची स्तुती साधी आणि एकसारखीच असते, कारण त्यांच्या उपजत चांगुलपणाला तऱ्हेतऱ्हेचे शब्द लागत नाहीत. मग विनय, सचोटी, शील, आज्ञाधारकपणा, लोकरकाम अशी यादी येते. गंमत म्हणजे त्याच शिलालेखात एक गोष्ट बारीकसारीक तपशिलासह आहे, ती म्हणजे आईचं मृत्युपत्र. सगळ्या मुलग्यांना सारखा वाटा, मुलीलाही हिस्सा, आणि पहिल्या नवऱ्याकडून आलेलं त्याच्या मुलाला, म्हणजे खुद्द लिहिणाऱ्याला, वेगळं काढून दिलेलं. कागद होता तिथे तपशील आला. रोजच्या राबण्याचा कागद नव्हता, तिथे विशेषण आलं.

चारचौघांत आजीवर बोलल्याचं जुनं उदाहरणही रोममधलंच आहे. पुढे पहिला सम्राट झालेला मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना, इसवीसनपूर्व ५१ मध्ये, आजीच्या अंत्यविधीत लोकांसमोर बोलला. अर्थात ही आजी त्या काळच्या सर्वांत बलाढ्य सेनानीची बहीण होती. तिच्या नातवाला व्यासपीठ मिळालं यात नवल नाही.

मधली अठरा-एकोणीस शतकं मी सरळ ओलांडतो, कारण साचा तोच राहिला. दगडावरून तो छापील कागदावर आला, इतकंच.

नवं काही घडलं ते विसाव्या शतकात, आणि तेही एका आईच्या आठवणीतूनच. १९०५ साली मे महिन्यात आई गेली, म्हणून एका अविवाहित मुलीने १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनमध्ये स्मरणाचा कार्यक्रम घडवून आणला. १९१४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तो दिवस 'मदर्स डे' म्हणून देशभर जाहीर केला. तिचा हट्ट होता, की इंग्रजी नावात षष्ठी एकवचनीच हवी, Mother's, Mothers' नव्हे. ज्याने त्याने आपापल्या आईची आठवण काढायची, समस्त मातांची नव्हे. तिच्या आईने मात्र बायकांचे गट बांधून वस्त्यांमधल्या स्वच्छतेचं आणि आजारपणाचं काम उभं केलं होतं. त्या गटांच्या नावात षष्ठी अनेकवचनी होती. मुलीने आईची आठवण ठेवली आणि त्या आठवणीतून आईचं घराबाहेरचं काम बाजूला पडलं. आपल्याकडे 'मातृदिन' म्हटलं की समास ते वचनच गिळून टाकतो, त्यामुळे हा वाद मराठीत कधी पोहोचलाच नाही.

पण साच्याची खरी कसोटी लागली ती २०१३ च्या मार्चमध्ये. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन इथे ८८ वर्षांच्या एक बाई वारल्या. दळणवळण उपग्रह आपल्या कक्षेतून ढळू नयेत म्हणून लागणारी प्रणोदन (रेटा देणारी) यंत्रणा त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केली होती. २०११ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं होतं. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने त्यांच्यावरचा मृत्युलेख सुरू केला तो असा: त्या अमुक एक पदार्थ झकास करत, नवऱ्याच्या नोकरीमागे गावं बदलत राहिल्या, तीन मुलं वाढवायला त्यांनी आठ वर्षं काम सोडलं, आणि मुलाच्या मते त्या जगातली सर्वोत्तम आई होत्या. अग्निबाण-शास्त्रज्ञ हा शब्द आला दुसऱ्या परिच्छेदात, 'पण' लावून.

गदारोळ झाला. विभागाच्या संपादकाचा खुलासा होता, की वाचकाला चकित करण्यासाठी ती रचना केली होती, त्यात कोणाला भेदभाव दिसेल हे सुचलंच नव्हतं. त्याच दैनिकातल्या, वाचकांच्या तक्रारी पाहणाऱ्या संपादकाने ही रचना चुकल्याचं लिहिलं. दैनिकाने सुरुवात बदलली. बदल काय? पदार्थ गेला आणि त्या जागी 'कुशाग्र अग्निबाण-शास्त्रज्ञ' आलं. नवऱ्यामागे फिरणं आणि आठ वर्षं तशीच राहिली.

टीकाकारांचं बरोबर होतं, यात मला शंका नाही. पुरुष शास्त्रज्ञाचा मृत्युलेख त्याच्या हातच्या चवीने सुरू होत नाही. त्याच महिन्यात विज्ञानलेखकांच्या वर्तुळात एक कसोटीही मांडली गेली होती: स्त्री-शास्त्रज्ञाबद्दल लिहिताना ती स्त्री आहे, तिचा नवरा काय करतो, मुलांना कोण सांभाळतं, यातलं काही लिहायचं नाही. पेशातल्या बाईसाठी हे औषध रामबाण आहे. पण ज्या बाईचा पेशाच मुलं आणि नातवंडं होता, तिच्या मजकुराला ही कसोटी लावली तर कोरा कागद उरतो. सगळा वाद 'आधी शास्त्रज्ञ की आधी आई' इथेच अडून बसला. मूल वाढवण्याची आठ वर्षं 'काम सोडलं' या दोन शब्दांत का मांडावीत, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

पाच वर्षांनी, ८ मार्च २०१८ रोजी, त्याच दैनिकाने कबुली दिली, की १८५१ पासूनचे आपले मृत्युलेख बहुतांशी गोऱ्या पुरुषांचे आहेत आणि अगदी अलीकडच्या दोन वर्षांतही त्यांत बायका पाचात एकाहून किंचितच जास्त आहेत. भरपाई म्हणून १५ स्त्रियांवर उशिराने लेख लिहिले गेले. चांगलंच झालं. पण निवडीचा निकष होता सार्वजनिक कर्तृत्व. नुसती आई आणि नुसती आजी त्यातही बसत नव्हती.

या सगळ्यात आजीची बाजू घेतली ती विज्ञानाने. मूल होण्याचं वय सरल्यावरही बायका इतकी वर्षं का जगतात, हे जीवशास्त्राला जुनं कोडं होतं. टांझानियातल्या हाड्झा लोकांमधल्या म्हाताऱ्या बायका जमिनीतले कंद उकरून नातवंडांची पोटं भरतात, या निरीक्षणावरून १९९८ मध्ये आजी-गृहीतक सविस्तर मांडलं गेलं. आजीच्या कष्टांमुळे नातवंडं तगतात, म्हणून उत्क्रांतीत आजी टिकली. २००४ मध्ये फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या नोंदी तपासल्या गेल्या. पन्नाशीनंतर बाई जितकी दशकं जगली, त्या प्रत्येक दशकामागे सरासरी दोन नातवंडं जास्त आढळली. 'वत्सल' या विशेषणामागचं काम इथे मोजलं गेलं होतं.

दीर्घायुष्याचं सर्वांत मोठं उदाहरणही एका आजीचंच आहे. फ्रान्सच्या आर्ल शहरातल्या बाईंचं, १९९७ च्या ४ ऑगस्टला त्या वारल्या. एकुलती मुलगी १९३४ मध्ये गेली होती, एकुलता नातू १९६३ मध्ये. पुढची ३४ वर्षं त्या एकट्या होत्या. 'परिवार' या शब्दापुढे लिहायला थेट वंशातलं कोणी उरलं नव्हतं. वय मात्र दिवसासकट नोंदलेलं आहे: १२२ वर्षं १६४ दिवस.