आर्किमिडीज

आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) : प्राचीन ग्रीक गणितज्ञ व यंत्रकार. सिसिली बेटावरील सिराक्यूज या ग्रीक नगरात त्याचे बहुतेक आयुष्य गेले. वडील फिडियस खगोलज्ञ होते. अलेक्झांड्रियातील विद्वानांना तो आपले शोध पत्रांतून कळवी.

शाळेत त्याची ओळख होते ती न्हाणीतून ‘युरेका’ म्हणत धावत सुटलेला माणूस म्हणून. राजमुकुटातील भेसळ पाण्याने ओळखल्याची ही गोष्ट व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुकाराने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहिली; आर्किमिडीजच्या उपलब्ध ग्रंथांत ती नाही. तरंगत्या वस्तूंवरच्या ग्रंथात आहे ते तत्त्व : द्रवात बुडालेली वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतके तिचे वजन कमी भरते. पाणी वर चढवणारा मळसूत्री पंपही त्याच्याच नावाने ओळखला जातो. पण त्याची खरी थोरवी गणितात आहे.

वर्तुळाच्या आत व बाहेर ९६ बाजूंची बहुभुजाकृती कल्पून त्याने दाखवले की, परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३ १०/७१ पेक्षा मोठे व ३ १/७ पेक्षा लहान असते. आजही आपण गणिते सोडवताना धरतो ते २२/७ म्हणजे त्याची ही वरची मर्यादा. गोल ज्या वृत्तचितीत नेमका बसतो, तिच्या दोन-तृतीयांश त्याचे घनफळ असते आणि पृष्ठफळही तेवढेच, हा सिद्धांत त्याला स्वतःला सर्वांत प्रिय होता. थडग्यावर त्याने हीच आकृती मागून घेतली होती. इ. स. पू. ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी असलेल्या सिसेरो या रोमन वक्त्याला काटेरी झुडपांतून वर आलेल्या गोल व वृत्तचितीवरूनच ते विस्मृतीत गेलेले थडगे सापडले. गणितातील अत्यंत मानाच्या फील्ड्स पदकाच्या एका बाजूवर आर्किमिडीजचा चेहरा आहे, तर दुसऱ्या बाजूवर हीच आकृती.

रोमन सेनापती मार्सेलसच्या वेढ्यात त्याच्या यंत्रांनी नगराचा बचाव केला. इ. स. पू. २१२ मध्ये नगर पडले तेव्हा एका रोमन सैनिकाच्या हातून तो मारला गेला. आरशांनी जहाजे जाळल्याची कथा मात्र बरीच नंतरची आहे.

हे सिद्धांत त्याला सुचत कसे? अलेक्झांड्रियातील विद्वान एराटोस्थेनीसला लिहिलेल्या ‘पद्धती’ या ग्रंथात त्याने ते मोकळेपणाने सांगितले आहे. गोल, शंकू व वृत्तचिती यांचे पातळ काप कल्पून तो मनातल्या तराजूवर त्यांचा समतोल साधून पाही. मात्र याला तो सिद्धता मानत नसे. उत्तर हाती आले की भूमितीने ते काटेकोरपणे सिद्ध करी. कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) इतक्या जवळ जाणारा विचार युरोपात पुढे सतराव्या शतकापर्यंत दिसत नाही.

हा ग्रंथ एकाच हस्तलिखितात उरला आहे. दहाव्या शतकातील ही चर्मपत्रे १२२९ च्या सुमारास खरवडली गेली. मग पाने आडवी फिरवून, मधोमध दुमडून त्यांवर प्रार्थना लिहिण्यात आल्या. त्यामुळे जुन्या ओळी नव्या ओळींना काटकोनात छेदतात. १९०६ मध्ये डॅनिश विद्वान हायबर्ग यांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ही पुसट अक्षरे ओळखली. पुढे हस्तलिखित नाहीसे झाले, १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २० लाख डॉलरला विकले गेले आणि बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात अभ्यासासाठी आले. मधल्या काळात कोणीतरी काही पानांवर बनावट चित्रेही रंगवली होती. जुन्या शाईत लोह होते. क्ष-किरणांखाली ते चमकले आणि त्या रंगांखालची अक्षरे पुन्हा वाचता आली.