नेटवर्क रॅक बसवण्याआधी: जागेच्या मंजुरीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

रॅकमध्ये, म्हणजे यंत्रे एकावर एक बसवायच्या उभ्या सांगाड्यात, बसणारे स्विच, राउटर, फायरवॉल जागेवर पोहोचण्याआधी ती जागा तयार असल्याची लेखी मंजुरी घ्यावी लागते. हा अर्ज कुठे डेटा सेंटर चालवणाऱ्या संस्थेकडे जातो, कुठे इमारतीच्या व्यवस्थापनाकडे. कुठे पुरवठादारच 'साइट रेडीनेस'चा फॉर्म पाठवतो आणि तो भरून परत आल्याशिवाय आपला इंजिनिअर पाठवत नाही. फॉर्मचा नमुना प्रत्येकाचा वेगळा असतो, प्रश्न मात्र जवळपास तेच असतात. जमीन वजन पेलेल का? वीज पुरेल का? उष्णता बाहेर पडेल का? अर्थिंग खरोखर पोहोचले आहे का? आणि काम करणारी माणसे त्या कामाची आहेत का?

या फॉर्ममधल्या 'होय'च्या चौकटींवर खूण करून थांबू नका. प्रत्येक 'होय'समोर मोजलेला आकडा, मोजल्याची तारीख आणि मोजणाऱ्याचे नाव लिहा. 'वीजपुरवठा उपलब्ध: होय' या नोंदीवरून तपासणी अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. 'रॅकसाठी स्वतंत्र १६ अँपिअरच्या दोन लाइन, दोन वेगळ्या पॅनेलमधून, जोडणीच्या ठिकाणी मोजलेला व्होल्टेज सोबत' असे लिहिले, की चूक असली तरी ती कागदावरच पकडता येते. यंत्र बसल्यावर पकडलेल्या चुकीसाठी चालू सेवा बंद करावी लागते.

अर्ज कोणी करायचा, काम कोणी करायचे

अर्जदार म्हणून जागेचा ताबा असलेल्या संस्थेचा जबाबदार अधिकारी लागतो. वीज, वातानुकूलन आणि इमारत या तिन्ही बाबतीत बदल करून घेण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा. बसवणाऱ्या ठेकेदाराने स्वतःच अर्ज करून स्वतःच सही केली, तर बहुतेक ठिकाणी अर्ज परत येतो आणि ते योग्यच आहे. चाचणी करणारा आणि मंजूर करणारा ही दोन वेगळी माणसे हवीत.

कामगारांच्या पात्रतेसाठी आयईसी ६२३६८-१ या सुरक्षा मानकातली विभागणी उपयोगी पडते. माहिती तंत्रज्ञान आणि दृक्‌श्राव्य उपकरणांसाठीचे हे मानक माणसांचे तीन वर्ग करते: शिक्षण आणि अनुभवातून धोका ओळखू शकणारी कुशल व्यक्ती, कुशल व्यक्तीकडून सूचना मिळालेली किंवा तिच्या देखरेखीखाली काम करणारी व्यक्ती, आणि सामान्य व्यक्ती. मोठ्या क्षमतेची बरीच नेटवर्क उपकरणे फक्त 'प्रवेश मर्यादित' जागेतच बसवायची असतात, म्हणजे कुलूप किंवा तत्सम व्यवस्थेमुळे पहिल्या दोन वर्गांतल्याच व्यक्ती जिथे जाऊ शकतात अशा जागेत. म्हणून खोलीचे दार कसे बंद होते, चावी किंवा कार्ड कोणाकडे असते, हा प्रश्न सुरक्षेच्या भागात विचारला जातो. त्याचे उत्तर गांभीर्याने द्या.

पॅनेलमधून नवीन लाइन काढण्याचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे लागते. नेटवर्क इंजिनिअर कितीही अनुभवी असला तरी त्याचे प्रमाणपत्र इथे चालत नाही. मजल्याच्या भारक्षमतेचा दाखला स्ट्रक्चरल इंजिनिअर देतो.

सगळ्यात आधी उपकरणांची यादी

बाकीची सगळी कागदपत्रे या एका यादीवर उभी राहतात, म्हणून तिच्यावर हवा तेवढा वेळ घालवा. प्रत्येक उपकरणाचे मॉडेल, ते किती 'यू' उंची घेते, वजन, कमाल वीजवापर, प्लगचा प्रकार आणि हवा कोणत्या बाजूने आत जाऊन कोणत्या बाजूने बाहेर पडते हे लिहा. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. १९ इंची रॅकमध्ये बसणाऱ्या यंत्राच्या पुढच्या पट्टीची रुंदी ४८२.६ मिलिमीटर असते. नेहमीच्या ४२ यू रॅकमध्ये उपकरणांसाठी सुमारे १.८७ मीटर उंची मिळते आणि बाहेरून तो साधारण दोन मीटर भरतो. पॅकिंग आणि पॅलेटसकट तो याहून उंच होतो. त्यामुळे दार, लिफ्ट आणि वळणे यांची मापे त्याच कागदावर टाका.

हवेच्या दिशेचा रकाना लोक रिकामा सोडतात. ही चूक महागात पडते. एकाच मॉडेलचा स्विच बरेचदा दोन प्रकारच्या पंख्यांसह मिळतो: एकात हवा पोर्टच्या बाजूने आत येते, दुसऱ्यात त्याच बाजूने बाहेर पडते. चुकीचा प्रकार मागवला गेला, तर तो स्विच गरम गल्लीतली (रॅकच्या ज्या बाजूला यंत्रे गरम हवा सोडतात तिथली) हवा ओढत राहतो आणि खोली थंड असूनही तापतो. काही मोठे स्विच बाजूने श्वास घेतात. अशा स्विचसाठी रॅकच्या आत हवा वळवणारे पत्रे लागतात आणि शेजारच्या रॅकपासून अंतर ठेवावे लागते. ऑर्डर देण्याआधी हा रकाना भरलेला हवा.

वीज: इथेच बहुतेक अर्ज अडतात

समजा, यादीतल्या सगळ्या उपकरणांचा कमाल वापर ३,००० वॉट आहे आणि पुरवठा २३० व्होल्टचा. पॉवर फॅक्टर (वॉट आणि व्होल्ट-अँपिअर यांचे गुणोत्तर) एकच्या जवळ धरला तर प्रवाह सुमारे १३ अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एमसीबी आहे, म्हणजे चालेल असे वाटते. पण नेटवर्कचा भार दिवसरात्र चालू असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत तीन तास किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या भाराला सर्वसाधारणपणे ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि जगभरचे अनेक डेटा सेंटर हाच नियम स्वतःहून पाळतात. १६ चे ८० टक्के म्हणजे १२.८ अँपिअर. आपला रॅक त्यात बसत नाही.

दोन लाइन असल्या, की हा हिशोब आणखी फसवतो. प्रत्येक उपकरणाला दोन पॉवर सप्लाय, एक 'अ' लाइनवर आणि एक 'ब' लाइनवर. रोजच्या कामात प्रत्येक लाइनवर साडेसहा अँपिअर दिसतात आणि सगळे निवांत वाटते. ज्या दिवशी 'अ' बंद पडते, त्या दिवशी पूर्ण १३ अँपिअर 'ब'वर येतात. दोन लाइन घेतल्या त्या याच प्रसंगासाठी, म्हणून प्रत्येक लाइनने एकटीने पूर्ण भार पेलला पाहिजे. अर्जात दोन्ही लाइनचा भार वेगवेगळा दाखवा आणि 'एक लाइन बंद असताना' असा तिसरा आकडा न विचारताही लिहा. दोन्ही लाइन शेवटी एकाच युपीएसवर जात असतील तर तेही लपवू नका.

पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारे स्विच असतील तर विजेचा आणि उष्णतेचा हिशोब वेगळा होतो. ८०२.३बीटी मानकात एका पोर्टमधून ९० वॉटपर्यंत वीज जाऊ शकते. ती सगळी रॅकच्या लाइनवरून घेतली जाते, पण तिचा मोठा भाग दूर बसवलेल्या कॅमेऱ्यात किंवा वायफाय यंत्रात खर्च होतो. तेव्हा लाइन पूर्ण आकड्यासाठी धरा आणि खोलीच्या उष्णतेतून बाहेर जाणारा भाग वजा करा. उत्पादक हे दोन्ही आकडे बहुधा वेगळे देतात.

प्लगचे प्रकार किरकोळ वाटतात, पण बसवण्याच्या दिवशी काम थांबते ते यामुळेच. आयईसी ६०३२० या वीजजोडण्यांच्या मानकातला सी१३ हा १० अँपिअरचा, सी१९ हा १६ अँपिअरचा. मोठ्या चेसिसला (अनेक कार्डे बसणाऱ्या मोठ्या स्विचला) सी१९ ची केबल लागते आणि रॅकमधल्या पॉवर पट्टीवर नुसतेच सी१३ चे सॉकेट असतात, असे वारंवार घडते.

अर्थिंग

प्रत्येक पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थकडे गळत असतो. एका यंत्राचा तो क्षुल्लक असतो, पण एका रॅकमध्ये वीस-तीस सप्लाय असले की त्यांची बेरीज होते. अर्थची तार तुटलेली असेल तर ती बेरीज रॅकच्या पत्र्यावर, म्हणजे हात लावणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून अर्थ सर्वांत आधी जोडायचा आणि सर्वांत शेवटी काढायचा, हा नियम उत्पादकांच्या पुस्तिकांत सहसा असतो.

अर्जासोबत अर्थ चाचणीचा अहवाल लागतो. त्यात मोजलेला रोध, मोजण्याची पद्धत आणि उपकरणाचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र हवे. किती ओहमपर्यंत चालेल ते उत्पादक आणि स्थानिक विद्युत नियम ठरवतात. तिथला आकडा घ्या, ऐकीव आकडा नको. रॅकपासून मुख्य अर्थपट्टीपर्यंतच्या जोडणीचा जवळून काढलेला फोटो जोडा. रॅकला रंग दिलेला असतो आणि रंग वीज वाहू देत नाही. जोडणीच्या जागी रंग खरवडलेला किंवा दातेरी वॉशर लावलेला फोटोत दिसला पाहिजे.

थंडावा आणि हवा

एक वॉट म्हणजे तासाला ३.४१२ बीटीयू (उष्णतेचे एकक). आपल्या ३,००० वॉटच्या रॅकसाठी तासाला सुमारे १०,२३६ बीटीयू, म्हणजे ०.८५ टन थंडावा सतत लागेल. त्यात रात्र आणि सुट्टीचे दिवसही आले. ऑफिस सुटल्यावर बंद होणाऱ्या मध्यवर्ती एसीच्या भरवशावर हा आकडा दाखवणारे अर्ज मंजूर होऊ नयेत.

अ‍ॅशरे या वातानुकूलन क्षेत्रातल्या अमेरिकी अभियंता संस्थेने यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस केली आहे. इथे यंत्रात शिरणारी हवा मोजायची असते. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा दिलात तर तो ग्राह्य धरला जाणार नाही. रॅकच्या समोर तळाशी, मध्ये आणि वर असे तीन ठिकाणी मोजा. वरचा आकडा जास्त आला तर मागची गरम हवा वरून फिरून पुढे येते आहे असे समजा. त्यावर पहिला उपाय म्हणजे रिकाम्या जागांवर कोरे पॅनेल लावणे. जागा उंचावर असेल तर हवा विरळ असते आणि मर्यादा खाली येते: अ‍ॅशरेच्या ए१ या उपकरण-वर्गात शिफारशीपलीकडे चालू शकणारी ३२ अंशांची कमाल मर्यादा ९०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला एक अंश कमी होते. १,८०० मीटरवर ती २९ उरते.

धुळीबद्दल मात्र मी कोणतीही सवलत देणार नाही. खोलीत जिप्सम बोर्ड कापणे, भिंत घासणे किंवा ड्रिलिंग चालू असताना यंत्राचा खोका उघडू नये, आणि 'बांधकाम पूर्ण, सफाई झाली' ही नोंद तारखेसह असावी. सफाईत फॉल्स फ्लोअरची (खाली पोकळी ठेवून उचललेल्या फरशीची) खालची बाजूही आली.

मजला, दारे, आग

भरलेला रॅक ७०० किलोचा असला तर चार पायांवर प्रत्येकी १७५ किलो येतात, तेही वजन सारखे वाटले गेले असेल तर. मजल्याची क्षमता दर चौरस मीटरला दिलेली असते, फॉल्स फ्लोअरच्या फरशीची मात्र एका बिंदूवरच्या भारासाठी वेगळी मर्यादा असते. चाकांवरून ढकलतानाची मर्यादा आणखी वेगळी. दाखल्यात या तिन्ही मर्यादा हव्यात. आणायच्या वाटेवर कुठे फॉल्स फ्लोअर असेल तर तिथे जाड प्लाय टाकण्याची नोंद कामाच्या पद्धतीत करा.

पुढे-मागे काम करायला मोकळी जागा सोडा. पुढे निदान यंत्र पूर्ण बाहेर ओढता येईल एवढी हवी. आग विझवणारी वायूची यंत्रणा असेल तर खोलीच्या सीलबंदीची चाचणी कधी झाली ते लिहा, आणि धुळीच्या कामासाठी धूरशोधकावर लावलेले झाकण काढल्याची खात्री करा.

जोडायची कागदपत्रे

उपकरणांची यादी आणि रॅकमध्ये कोणते यंत्र कुठे बसेल त्याचा नकाशा. खोलीचा आणि केबल मार्गांचा आराखडा. विजेचा सिंगल लाइन आराखडा (पुरवठ्यापासून रॅकपर्यंतची जोडणी एका रेषेने दाखवणारा). अर्थ आणि इन्सुलेशन चाचणीचे अहवाल. मजल्याच्या भारक्षमतेचा दाखला. तापमान व आर्द्रतेच्या नोंदी. धोका-मूल्यमापन आणि कामाची लेखी पद्धत. इलेक्ट्रिशियनचा परवाना, इंजिनिअरचे प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा विमा. रॅकच्या नकाशात जड यंत्रे तळाशी दिसली पाहिजेत. रॅक खालून वर भरायचा असतो आणि त्याआधी तो जमिनीला बोल्टने पक्का करायचा किंवा त्याला स्टॅबिलायझर लावायचा असतो. सरकपट्टीवरचे एका वेळी एकच यंत्र बाहेर ओढायचे, हेही कामाच्या पद्धतीत लिहा.

तापमानाची एकदाच घेतलेली नोंद पुरत नाही. आठवड्याभराची, रात्रीसकट, लॉगरने (आपोआप नोंदी ठेवणाऱ्या उपकरणाने) घेतलेली जोडा.

अर्ज दिल्यानंतर

कागदांची छाननी झाली की प्रत्यक्ष पाहणी होते. तपासणी अधिकारी सहसा अर्जातले दोन-चार आकडे स्वतः पुन्हा मोजतो, म्हणून मोजणारा इलेक्ट्रिशियन त्या वेळी हजर ठेवा. त्रुटी निघाल्या तर त्या दुरुस्त करून फक्त तेवढ्या भागाची फेरतपासणी मागता येते का, हे विचारून घ्या. बरेचदा येते.

मंजुरी मिळाली म्हणजे लगेच काम सुरू करता येते असे नाही. कामाच्या दिवसासाठी वेगळा कार्यपरवाना लागतो. पॅनेलवर काम असेल तर तो पुरवठा बंद करून त्याला कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावण्याची नोंद त्यात असते. चावी काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. यंत्र थंड गोदामातून किंवा गाडीतून आले असेल तर खोका न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आत दव धरलेले असताना वीज दिली तर बोर्ड जळू शकतो. पुरवठादार यासाठी बहुधा २४ तास मागतो. तो दिवस वेळापत्रकात आधीच धरा.

मंजुरी त्या यादीपुरतीच असते. एखादा स्विच बदलून मोठा घेतला किंवा रॅकमध्ये नवे यंत्र वाढवले, तर वीज, वजन आणि उष्णतेचे आकडे सुधारून बदलाचा अर्ज द्यावा लागतो. मंजूर यादीची आणि दोन्ही लाइनच्या भाराची प्रत रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. पुढचे यंत्र बसवायला येणारा माणूस तीच वाचणार आहे.