रत्नागिरीला निघताय? 'शहर येताना बघू' म्हणण्याआधी एवढं वाचा

आमच्या गाडीतून आधी गेलेल्यांना रस्ता सांगायला नको. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. सांगलीतून पहाटे पाचला निघालो की साडेदहापर्यंत रत्नागिरी. फक्त कोल्हापुरात मिसळीला थांबायचा हट्ट नको. ती मिसळ आंबा घाटात कुठल्या वळणावर बाहेर येते, ते आमच्या ड्रायव्हरला पाठ आहे.

बुकिंगला आलेला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "आधी सरळ गणपतीपुळे गाठू, शहर येताना बघू." हे 'येताना' कधी उजाडत नाही. पुळ्याला पोरं पाण्यातून निघत नाहीत, मग कपडे बदलायची रांग, मग जेवण, मग कोकम-आवळ्याची खरेदी. थिबा राजवाड्याशी पोचेपर्यंत फाटकाला कुलूप. मागच्या मे महिन्यात एका काकूंनी गजांतून फोटो काढला आणि गाडीत बसल्यावर आम्हालाच म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का?" सांगितलं होतं, काकू. दोनदा.

म्हणून आम्ही शहर आधी घेतो. इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा हा वाडा 1910 मध्ये उभा राहिला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. आत वस्तुसंग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असतं. रवि-सोम जाणाऱ्यांनी तर 'येताना' हा शब्दच काढू नये. टिळकांचं जन्मस्थान आणि 1931 चं पतितपावन मंदिर गावातच आहे. गाडी लांब लावून थोडं चालावं लागतं, कुरकुर करू नका. रत्नदुर्गावर ऊन फार लागतं, टोपी घ्या.

दुपारी चारच्या सुमारास आरे-वारेच्या रस्त्याने पुळ्याकडे निघायचं. जाताना समुद्र डावीकडे असतो, त्या खिडकीवरून भांडणं होतात, तेव्हा जागा निम्म्या वाटेत बदलायच्या. मुक्काम पुळ्याला. सकाळी गर्दीआधी दर्शन, डोंगराची प्रदक्षिणा, आणि निवळी फाट्यावरून थेट हातखंब्याला. रत्नागिरीत परत शिरावं लागत नाही आणि घाट उजेडात चढून होतो. यात आमचं डिझेल वाचतं असं काही जण म्हणतात. वाचतं की! पण भाडं किलोमीटरवर आहे, तेव्हा तुमचंही वाचतं.

पुळ्याच्या समुद्रात गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. वाळू पायाखालून सरकते, कृष्णेत पोहणाऱ्यालाही तिथे भरवसा नाही. जीवरक्षक शिट्टी मारतो ती आपल्यालाच, असं समजायचं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या सुरमईवरून हॉटेलवाल्याशी वाद घालू नका. सुका बांगडा घ्यायचा तर जरूर घ्या, पण डबल पिशवीत, आणि वर कॅरियरवर. एसीत ठेवलेला एक बांगडा पुढची चार गिऱ्हाईकं घालवतो.

एप्रिल-मे महिन्यात हापूसच्या पेट्या किती आणणार, ते बुकिंगच्या वेळीच सांगा. कॅरियर तेवढा रिकामा ठेवतो, पेटीमागे वेगळे पैसे घेत नाही.