जलविभाजक

शेजारच्या दोन नदीखोऱ्यांना वेगळे करणारी उंचवट्याची रेषा म्हणजे जलविभाजक. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन पाख्यांवर वाटला जातो, तसा या रेषेवर पडलेला पाऊस दोन नद्यांत वाटला जातो. एखाद्या ठिकाणापर्यंत नदीला तिच्या ओढ्यानाल्यांसह जेवढ्या जमिनीवरून पाणी येते तेवढे तिचे पाणलोट क्षेत्र, आणि जलविभाजक ही त्या क्षेत्राची हद्द. हद्द म्हटली तरी ती जमिनीवर आखलेली नसते. ती उतारावरून ओळखावी लागते.

ही संकल्पना शिकायला नाशिक जिल्ह्याइतका सोयीचा जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सह्याद्रीची मुख्य धार जिल्ह्याच्या पश्चिम भागातून दक्षिणोत्तर जाते आणि तिच्यापासून सातमाळ्याची रांग पूर्वेकडे फुटते. त्यामुळे जिल्ह्यातले पाणी तीन वाटांनी जाते. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीचा पूर्व भाग, नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवला इथले पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबक-इगतपुरीचा पश्चिम भाग इथले पाणी पार, दमणगंगा, वैतरणा या नद्यांतून थेट अरबी समुद्रात जाते. कळवण, देवळा, बागलाण, मालेगावकडचे पाणी बहुतांशी गिरणेत येते, गिरणा जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापी सुरतजवळ अरबी समुद्राला.

परीक्षेत सर्वाधिक चुका या तिसऱ्या वाटेवर होतात. ‘सह्याद्रीच्या पूर्वेचे पाणी बंगालच्या उपसागराला, पश्चिमेचे अरबी समुद्राला’ हे वाक्य पाठ असते. ते गोदावरी, भीमा, कृष्णेपुरते बरोबर आहे. गिरणा मात्र सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावते, कळवण-मालेगाव ओलांडून बरेच अंतर पूर्वेकडेच वाहते आणि तरीही तिचे पाणी शेवटी पश्चिमेच्या समुद्रात पडते. म्हणजे नदी सुरुवातीला कोणत्या दिशेला वाहते यावरून तिचे खोरे ठरत नाही, पाणी अखेर कुठे पोहोचते यावरून ठरते. सातमाळ्याची रांग सह्याद्रीपासून जिथे फुटते तिथे ही तिन्ही खोरी एकमेकांना भिडतात. अशा जागेला त्रि-जलविभाजक बिंदू म्हणतात.

दुसरी चूक उंचीबद्दलची. जलविभाजक म्हणजे सर्वांत उंच शिखरे जोडणारी रेषा, असे अनेकांना वाटते. इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या सीमेवरचे कळसूबाई शिखर (१,६४६ मी.) महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे, पण ते सह्याद्रीच्या मुख्य जलविभाजकावर नाही. ते मुख्य धारेपासून पूर्वेला फुटलेल्या रांगेवर आहे. शिखराच्या उत्तरेचे पाणी दारणेच्या खोऱ्यात जाते, दक्षिणेचे प्रवरेत. दारणा निफाड तालुक्यात गोदावरीला मिळते, प्रवरा पुढे नेवासे तालुक्यात. दोन्ही अंगांचे पाणी शेवटी गोदावरीतच! म्हणून कळसूबाईची रांग ही दारणा आणि प्रवरा यांच्यातला दुय्यम जलविभाजक ठरते. याउलट त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी (सुमारे १,२९५ मी.) तिच्याहून साडेतीनशे मीटरने ठेंगणा असूनही दोन समुद्रांची पाणी वेगळी करतो. गोदावरी इथे उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणेचा उगमही याच डोंगराच्या परिसरातला, पण तिची वाट पालघर जिल्ह्यातून अरबी समुद्राकडे.

दुय्यम आणि मुख्य हा भेद शेवटी प्रमाणाचा आहे. नाशिक शहरात नासर्डी आणि वालदेवी यांच्या मधला उंचवटा हाही जलविभाजकच, कारण तो दोन नद्यांची पाणलोट क्षेत्रे वेगळी करतो, जरी दोन्ही नद्यांचे पाणी शेवटी गोदावरीतच जात असले तरी. मोठ्या खोऱ्यात लहान खोरे, त्यात ओढ्याचे पाणलोट, त्यात एखाद्या शेताचा उतार, अशी ही विभागणी आत आत जात राहते. ‘जलविभाजक कुठे आहे?’ या प्रश्नाला म्हणूनच ‘कोणत्या दोन पाण्यांचा?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

प्रवासात ओळखणे

मुंबई-आग्रा महामार्गाने चांदवड सोडून राहुड घाट उतरला की गोदावरीचे खोरे मागे पडते आणि गिरणेचे सुरू होते. रेल्वेने मनमाडहून येवल्याकडे जाताना अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांजवळ सातमाळ्याची हीच रांग उलट दिशेने ओलांडली जाते: मनमाडची पांझण गिरणेला मिळते, येवल्याचे पाणी गोदावरीला. पेठ रस्त्याला सावळघाट उतरल्यावरचे पाणी दमणगंगेचे. पुलावरच्या पाटीवर नदीचे नाव असते, ते वहीत टिपून नकाशात तिचा शेवट शोधावा. सहलीच्या बसमध्येही करता येण्यासारखा हा अभ्यास आहे.

टोपोशीटवर जलविभाजक आखणे

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा (टोपोशीट) घ्यावा. त्यात समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तपकिरी असतात आणि दोन रेषांमधले अंतर २० मीटर उंचीचे असते. आखणी नेहमी खालून वर करावी. आधी ज्या जागेपर्यंतचे पाणलोट हवे ती जागा, म्हणजे निर्गम बिंदू, नक्की करावी: एखादा बंधारा, पूल किंवा दोन ओढ्यांचा संगम. मग त्या ओढ्याला येऊन मिळणारे सगळे प्रवाह निळ्या पेन्सिलीने गिरवावेत. तुटक रेषांनी दाखवलेले, फक्त पावसाळ्यात वाहणारे नालेही सोडू नयेत. आपल्याकडे बहुतेक नाले तसेच असतात. त्यानंतर भोवतालची शिखरे आणि नकाशावर उंचीचा आकडा दिलेले बिंदू ठळक करावेत.

खरी कसोटी समोच्च रेषांची वळणे वाचण्यात आहे. वळणाचे टोक जास्त उंचीच्या रेषेकडे असेल तर ती दरी किंवा ओढा; टोक कमी उंचीकडे असेल तर ती डोंगराची सोंड. निर्गम बिंदूपासून दोन्ही काठांनी रेषा वर न्यावी, प्रत्येक समोच्च रेषा शक्यतो काटकोनात ओलांडावी आणि सोंडेच्या मध्यावरून माथ्यावर चढावे. माथ्यावरून पुढे जाताना दोन शिखरांच्या मध्ये खिंड लागते. तिथे उंची कमी होते म्हणून अनेक विद्यार्थी दचकतात आणि रेषा वर चढती ठेवण्यासाठी बाजूच्या एखाद्या सोंडेवर वळवतात. परिणामी निम्मे पाणलोट बाहेर राहते. जलविभाजक खिंडीतून जातो, तिथे उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. शेवटी दोन्ही बाजूंच्या रेषा डोंगरमाथ्यावर एकत्र यायला हव्यात.

पडताळणी सोपी आहे. निर्गम बिंदू सोडून कुठेही ही रेषा निळ्या प्रवाहाला छेदत असेल तर आखणी चुकली आहे, यात दुसरी शक्यता नाही. आतल्या कोणत्याही दोन-चार जागा निवडून तिथला थेंब उताराने कुठे जाईल हे बोटाने दाखवून पाहावे. सपाट भागात मात्र नकाशा तोकडा पडतो: दोन समोच्च रेषांत एक-दीड किलोमीटर अंतर असेल तर त्यामधला चार-पाच मीटरचा उंचवटा नकाशावर दिसतच नाही. सिन्नर-निफाडकडच्या मोकळ्या रानात हे हमखास घडते. तिथे इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील उंचीची माहिती वापरावी किंवा सरळ पावसात जागेवर जाऊन पाहावे. रस्त्याचा वा रेल्वेचा भराव, पाटाचा बांध आणि त्याखालची मोरी यांनीही लहान पाणलोटाची हद्द सरकलेली असते, आणि नकाशा जुना असेल तर त्याला त्याचा पत्ता नसतो.

क्षेत्रफळ आणि पाण्याचा हिशेब

आखलेली आकृती ट्रेसिंग पेपरवर उतरवून आलेख कागदावर ठेवावी. १:५०,००० प्रमाणात १ सेंमी म्हणजे ५०० मीटर, म्हणून १ चौ. सेंमी म्हणजे ०.२५ चौ. किमी. (इथे ०.५ लिहिणे ही नेहमीची चूक. प्रमाणाचा वर्ग करायचा राहून जातो.) अर्ध्याहून मोठे चौकोन पूर्ण धरावेत, लहान सोडून द्यावेत. समजा ४० चौकोन भरले, तर पाणलोट १० चौ. किमी.

१ चौ. किमीवर १ मिमी पाऊस म्हणजे १,००० घनमीटर, अर्थात १० लाख लिटर पाणी. आपल्या १० चौ. किमीवर ५० मिमी पाऊस झाला तर ५ लाख घनमीटर, म्हणजे अर्धा दलघमी (दशलक्ष घनमीटर). वर्तमानपत्रातल्या एककात हे साधारण १७.७ दलघफू (दशलक्ष घनफूट) होतात. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू आहे, त्यावरून अंदाज यावा. मात्र पडलेले सगळे पाणी ओढ्यात येत नाही. जूनच्या पहिल्या पावसात कोरडी जमीन बरेचसे पिऊन टाकते, ऑगस्टमध्ये भिजून तृप्त झालेल्या जमिनीवरून तेवढ्याच पावसात कितीतरी जास्त पाणी वाहते. धरण जूनमध्ये भरत नाही आणि ऑगस्टमध्ये पाहता पाहता भरते, त्यामागे हेही एक कारण आहे. विसर्गाचा क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेक विसर्ग पूर्ण दिवसभर चालला की एक टीएमसी, म्हणजे १,००० दलघफू होतात.

वर्गात करण्याचा प्रयोग

ड्रॉइंगचा जाड कागद चुरगळून अर्धवट उलगडावा आणि ट्रेमध्ये टेकड्या-दऱ्या दिसतील असा ठेवावा. सगळ्या उंच कडांवरून पाण्यात विरघळणाऱ्या निळ्या स्केचपेनने रेघा ओढाव्यात. मग साधारण एक फुटावरून स्प्रेच्या बाटलीने बारीक तुषार मारावेत. शाई कडांवरून दोन्ही बाजूंना उतरते आणि खोलगट भागांत नद्यांचे जाळे उमटते. बॉलपेन किंवा परमनंट मार्कर वापरला तर शाई हलत नाही आणि प्रयोग फसतो. साधा वहीचा कागद लगेच मऊ पडून बसतो. फवारा जवळून मारला तर सगळा कागदच निळा होतो. थेंब दिसू लागले की थांबावे. पाणी मारण्याआधी मुलांना तळी कुठे साचतील ते पेन्सिलीने दाखवायला लावावे. पाणी नंतर आले म्हणजेच प्रयोगाला अर्थ आहे, नाहीतर ती निव्वळ रंगपंचमी होते.

जलविभाजक सरकतो

ही रेषा कायमची नसते. वैतरणेसारख्या पश्चिमवाहिनी नद्या काही किलोमीटरांत शेकडो मीटर खाली उतरतात. गोदावरीचे पात्र नाशिकजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि पुढचा समुद्रापर्यंतचा प्रवास साधारण चौदाशे किलोमीटरचा. म्हणजे सरासरी उतार किलोमीटरला अर्ध्या मीटरहूनही कमी. तीव्र उतार आणि घाटमाथ्यावरचा जोरदार पाऊस (इगतपुरीला वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास, नाशिक शहरात सुमारे ७०० मिमी) यांमुळे कोकणाकडचे ओढे उगमाकडची जमीन जास्त वेगाने कापतात. याला शीर्षवर्ती क्षरण म्हणतात. त्यामुळे अतिशय सावकाश, भूशास्त्रीय काळात, जलविभाजक पूर्वेकडे सरकतो. कधी एका नदीचा वरचा भाग दुसरी नदी आपल्याकडे ओढून घेते, ते नदीचौर्य.

भूजलाची विभागणी जमिनीवरच्या रेषेशी जुळेलच असेही नाही. नाशिकचा बेसाल्ट खडक थरांचा आहे. एखादा सच्छिद्र किंवा भेगाळ थर किंचित कलता असेल तर जलविभाजकाच्या अलीकडे मुरलेले पाणी पलीकडच्या दरीत झऱ्याच्या रूपाने निघू शकते.

पाणीवाटप आणि पाणलोटाची कामे

जलविभाजकाच्या कोणत्या अंगाला पाणी पडले यावर ते कोणाच्या वाट्याला जाणार हे ठरते. वैतरणेचे ऊर्ध्व वैतरणा धरण नाशिक जिल्ह्यात आहे, तरी ते मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी एक. उलट गंगापूर, दारणा यांसारखी धरणे गोदावरीच्या खोऱ्यात असल्याने त्यांचा हिशेब पैठणच्या जायकवाडीशी जोडलेला आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने ठरले. नार-पार-गिरणा जोडप्रकल्पात सुरगाणा-पेठकडचे पश्चिमवाहिनी पाणी गिरणा खोऱ्यात आणायचे आहे. ते धारेच्या खालच्या पातळीवर असल्याने पंपाने उचलावे लागते, बोगद्यातून न्यावे लागते. नकाशावर बोटभर वाटणाऱ्या अंतरासाठी एवढा खर्च का, याचे उत्तर मधल्या उंचवट्यात आहे.

पाणलोट विकासाची कामेही याच रेषेपासून सुरू करतात. ‘माथा ते पायथा’ हा त्याचा नियम. माथ्याजवळ सलग समतल चर खोदतात, साधारणपणे ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल. त्यांची आखणी ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराच्या चौकटीने) किंवा पाण्याच्या नळीने समान उंचीवर करतात, कारण चर जरासा उतरता झाला तर पाणी एका टोकाला धावते आणि तिथून फोडून बाहेर पडते. खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकतात. त्याखाली ओघळींत दगडी बांध, आणखी खाली माती नाला बांध आणि सिमेंट बंधारे. क्रम उलटा झाला, म्हणजे वरचा डोंगर उघडा ठेवून आधी खालचा बंधारा बांधला, तर दोन-तीन पावसाळ्यांतच तो गाळाने भरतो.