कांदळवन

कांदळवन : भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, विशेषतः खाड्यांच्या मुखाशी साचलेल्या चिखलात वाढणारे क्षारसहिष्णू वृक्ष व झुडपे यांचे वन. कांदळ, तिवर व खारफुटी हे शब्द बोलण्यात सरसकट एकमेकांच्या जागी येतात. काटेकोर अर्थाने कांदळ म्हणजे ऱ्हायझोफोरा आणि तिवर म्हणजे ॲव्हिसेनिया प्रजातीतील झाडे. या वनातील झाडे एका कुळातील नाहीत. परस्परांशी दूरचेच नाते असलेल्या अनेक कुळांनी खाऱ्या चिखलाशी स्वतंत्रपणे जुळवून घेतल्याने हा गट बनला आहे. त्यामुळे जगातील जातींची संख्या व्याख्येनुसार पन्नासाच्या आसपास ते सत्तरपर्यंत दिली जाते.

नाव : ‘कांदळ’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. संस्कृत ‘कन्दल’ म्हणजे कोवळा अंकुर. या झाडाचे बी फळातच रुजून लांब शेंगेसारखा अंकुर फांदीवर लोंबत राहतो, म्हणून ही व्युत्पत्ती आकर्षक वाटते. मात्र तमिळ व मलयाळममध्ये ‘कंडल’ हे नाव जुने आहे आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरही त्याचे जवळचे रूप आढळते. किनाऱ्याने वर सरकत आलेला द्राविडी शब्द मानणे अधिक सयुक्तिक दिसते. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याच्या ‘होर्तुस मालाबारिकुस’ (1678–93) या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या सहाव्या खंडात ‘पी-कंडेल’, ‘करी-कंडेल’, ‘चेरू-कंडेल’ अशी नावे आहेत. या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित व अपू भट या तीन कोकणी वैद्यांचा सहभाग होता आणि चित्रांवर नागरी लिपीतही नावे कोरलेली आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने 1753 मध्ये ‘चेरू-कंडेल’ला ‘ऱ्हायझोफोरा कँडेल’ म्हटले. पुढे त्यासाठी ‘कँडेलिया’ ही वेगळी प्रजाती करण्यात आली. अशा रीतीने किनाऱ्यावरचे बोलीतले नाव शास्त्रीय नावात दोनदा शिरले, पण ज्या झाडाला ते मिळाले ते कोकणात विरळच आढळते.

प्राचीनता : ग्रीक लेखक थिओफ्रास्टस (इ.स.पू. चौथे–तिसरे शतक) याच्या ग्रंथात इराणच्या आखातातील समुद्रात उभ्या असलेल्या झाडांचे वर्णन आहे. ते बहुधा अलेक्झांडरच्या आरमारातील प्रवाशांच्या वृत्तांतावर आधारलेले असावे. भूशास्त्रीय पुरावा अर्थातच फार जुना आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे दख्खनच्या लाव्हा थरांमधील गाळात निपा या दलदली ताडाची अश्मीभूत फळे मिळाली आहेत. हा गाळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. आज तेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. काहींच्या मते निपा गोड्या पाण्याजवळही वाढत असल्याने एवढ्यावरून समुद्र सिद्ध होत नाही. त्याच जिल्ह्यात झिलमिली येथील गाळात फोरॅमिनिफेरा या कवचधारी समुद्री सूक्ष्मजीवांचे अवशेष आढळल्यामुळे समुद्राची एखादी चिंचोळी शाखा काही काळ आत शिरली असावी, हे मत बळावले आहे. निपा आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नैसर्गिक अवस्थेत वाढत नाही. भारतात तो सुंदरबन व अंदमान-निकोबार येथे आहे.

अनुकूलन : चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात, तर कांदळाची आधारमुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. दोन्हींच्या सालीवरील रंध्रांतून हवा आत जाते. कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. तिवर ते आत घेऊन पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो. उन्हात त्याच्या पानावर मिठाचे कण दिसतात, ते यामुळे. हुरा किंवा गेवा या झाडाचा चीक डोळ्यांना इजा करतो.

प्रसार : भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालानुसार देशात 4,992 चौ. किमी. कांदळवन असून त्यांपैकी पश्चिम बंगालमध्ये 2,114, गुजरातमध्ये 1,175, महाराष्ट्रात 324 व गोव्यात 27 चौ. किमी. आहे. उपग्रहचित्रांवरून काढलेल्या अशा आकड्यांत खाडीकाठच्या अरुंद पट्ट्या सुटू शकतात, हे ध्यानात ठेवावे. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत तिवराचे प्राबल्य आहे. दक्षिणेकडे रत्नागिरी व सिंधुदुर्गात कांदळ व चिप्पी (सोनेरेशिया प्रजातीतील झाडे) अधिक ठळक होतात. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य कांदळवनातच आहे.

निवटी, चिंबोऱ्या, कालवे व कोळंबी यांसाठी कोळी व भंडारी या वनांवर अवलंबून असतात. सरपणासाठीही तोड होई.

संरक्षण : मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 च्या आदेशाने राज्यातील कांदळवनाची तोड व त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातील बांधकाम थांबवले. 2018 च्या अंतिम निकालात ही तोड नागरिकांच्या मूलभूत हक्काचे उल्लंघन ठरवण्यात आली. ‘कांदळ’ कशाला म्हणावे, हा एरवी वनस्पतिशास्त्रज्ञांपुरता असलेला प्रश्न या बंदीची हद्द ठरवण्याच्या निमित्ताने भूखंडांच्या नकाशांवर आला. राज्याचा कांदळवन कक्ष 2012 मध्ये स्थापन झाला. 2020 मध्ये पांढरी चिप्पी (सोनेरेशिया अल्बा) ही राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाली.